रानपिंगळा : दिवसाढवळ्या शिकार करणारे सातपुड्यातील घुबड

पांढुर्णा-सौंसरचे नाव निघाले की बाहेरच्या मंडळींना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे आमची संत्री आणि दुसरी म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये होणारी गोटमार. या दोहोंपलीकडे आमच्याकडे एक तिसरी गोष्ट आहे, आणि ती आम्हां रहिवाशांच्याही फारशी ध्यानात येत नाही. ती म्हणजे जंगल. सौंसरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागावे, रामाकोना मागे टाकावा आणि सिल्लेवानीचा घाट चढू लागावे, की संत्र्याचे बगीचे व कपाशीची शेते संपतात आणि सातपुड्याचे सागवन सुरू होते. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, सालई, मधूनच पळसाचे जाळे. पावसाळ्यात हे रान गच्च हिरवे असते. माघ-फाल्गुनात मात्र ते इतके उघडे पडते की झाडाच्या शेंड्यावर बसलेले चिमणीएवढे पाखरूही लांबून दिसावे.

अशाच एका माघातल्या सकाळी, साडेनऊ-दहाचा सुमार असेल, घाटाच्या पायथ्याशी एका निष्पर्ण मोईच्या झाडावर मला एक पिंगळा बसलेला दिसला. ऊन चांगले तापू लागले होते. रात्रीच्या पक्ष्याने या वेळी ढोलीत असावे, निदान दाट पानांत तरी असावे, अशी आपली समजूत. हा तर उघड्या फांदीवर, सूर्याकडे तोंड करून, एखाद्या पहारेकऱ्यासारखा बसला होता. मी जागच्या जागी थांबलो. माझ्या काळजात जे लक्कन हलले त्याचे कारण पुढे सांगतो. तेवढ्यात मागून गाई हाकीत एक वयस्क गोवारी आला.

"गुरुजी, कायले थांबले जी?"

"दादा, तो पाहा पिंगळा. दिवसा बसलाय."

"हो जी, थो त रोजच बसते तेथं. आमच्या वाडीतल्या चिचेवर बी येते संध्याकाळी. त्याची जोडी हाय."

मी दुर्बीण डोळ्यांस लावली. डोक्यावर पांढरे बारीक ठिपके, पाठीवर ठिपके, छातीवर तुटक तपकिरी आडव्या रेघा. म्हणजे तो आपला नेहमीचा, गावातल्या चिंचेवर आणि देवळाच्या कोनाड्यात राहणारा ठिपकेदार पिंगळाच होता. सकाळच्या उबेला बाहेर आला होता, इतकेच. गोवारी हसला, मीही हसलो. पण मला ज्या पक्ष्याची क्षणभर आशा वाटली होती, त्याची हकीकत या मासिकाच्या वाचकांस सांगावी असे तेव्हापासून मनात आहे. कारण ती हकीकत आपल्याच सातपुड्याची आहे, आणि तिच्यात शोध, फसवणूक व पुनर्भेट असे सर्व काही आहे.

त्या पक्ष्याचे नाव रानपिंगळा. काही जण त्यास वनपिंगळा म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव अथीनी ब्लेविटी. पिंगळे आपल्याकडे तीन प्रकारचे, आणि त्यांची गल्लत फार होते. गावातला तो ठिपकेदार पिंगळा. दुसरा जंगली पिंगळा. त्याच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत सर्वांगावर बारीक आडव्या रेघांची जाळी असते आणि तो जंगलातच राहतो. तिसरा हा रानपिंगळा. आकाराने तो सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे साळुंकीएवढा, पण अंगाने भरदार. वजन पाव किलोच्या आसपास. गावातल्या पिंगळ्यापेक्षा तो किंचितच मोठा, परंतु डोके मोठे, चोच दणकट आणि पंजे त्याच्या अंगाच्या मानाने चांगलेच थोराड. पायांवर बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांची जाड विजार घातल्यासारखी असते. कपाळ व माथा करड्या-तपकिरी रंगाचा आणि जवळजवळ कोरा. ठिपके असलेच तर अगदी पुसट. हीच त्याची पहिली खूण. दुसरी खूण छातीची. तेथे गडद तपकिरी रंगाचा जणू एक सलग पट्टा असतो, आणि त्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. तिसरी खूण पंख व शेपटी यांवरील रुंद, ठसठशीत पांढऱ्या पट्ट्यांची. उडताना त्या चटकन डोळ्यांत भरतात. डोळे पिवळे, चेहरा फिकट. एकंदरीत गावातला पिंगळा भित्र्या बालकासारखा दिसतो, तर हा एखाद्या रागीट लहानशा मल्लासारखा.

आता हकीकत. १८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट या गृहस्थांनी बसना-फुलझरच्या परिसरात एक पिंगळा मारला. हा भाग आज छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात येतो. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे तो मारायचा, पेंढा भरायचा आणि कातडे संग्रहात ठेवायचे, अशी रीत होती. ते कातडे गेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामागचे प्रमुख सूत्रधार ठरले. पण सरकारी नोकरीच्या काळात त्यांचा खरा जीव पक्ष्यांत होता. १८७३ मध्ये त्यांनी हा नवा पक्षी म्हणून नोंदविला आणि शोधणाऱ्याचे नाव त्यास दिले. पुढे ओरिसाच्या बाजूस एक-दोन, आणि १८८० नंतरच्या काही वर्षांत खानदेशात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने आणखी काही पक्षी मिळविले. डेव्हिडसनचा अखेरचा पक्षी १८८४ सालचा. असे एकूण सात नमुने जमले, आणि त्यानंतर रानपिंगळा नाहीसा झाला. कोणास दिसला नाही, कोणास मिळाला नाही.

म्हणजे, निदान कागदोपत्री तरी एकदा मिळाला. कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहॅगन हे ब्रिटिश लष्करातले एक बडे प्रस्थ. पक्षिशास्त्रातही त्यांचा दबदबा होता. आपण १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ रानपिंगळा मारला, अशी चिठ्ठी बांधलेले एक कातडे त्यांनी ब्रिटिश संग्रहालयास दिले. त्यामुळे पुढच्या अभ्यासकांस वाटे, पक्षी १९१४ पर्यंत होता आणि मांडवीच्या बाजूस होता. शोधणाऱ्यांत डॉ. सलीम अली व अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासारखे जाणते लोक होते. तरी हाती काही लागले नाही. मधूनमधून कोणीतरी रानपिंगळा पाहिल्याचा दावा करी, आणि छायाचित्र नीट तपासले की तो गावातला ठिपकेदार पिंगळाच निघे. माझी त्या माघातल्या सकाळची फजिती त्या मानाने अगदीच किरकोळ म्हटली पाहिजे.

मायनर्ट्झहॅगन मोठा लफंगा होता हे कळण्यास फार काळ जावा लागला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत काम करणाऱ्या पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्याच्या संग्रहातील कातडी बारकाईने तपासण्यास घेतली. शिंप्याचा टाका जसा ओळखू येतो, तसा पक्ष्यात पेंढा भरणाऱ्याचा हातही जाणकारास ओळखू येतो. मांडवीच्या म्हणून सांगितलेल्या त्या पक्ष्याचे कातडे मूळचे डेव्हिडसनच्या हातचे होते. ते संग्रहालयातून उचलून, उसवून, पुन्हा भरून आणि नवी खोटी चिठ्ठी बांधून परत त्याच संग्रहालयास अर्पण करण्यात आले होते. रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी हा प्रकार १९९९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केला. चोराने चोरीचा माल मालकालाच दान करावा आणि मालकाने आभार मानावेत, असा हा प्रकार. विनोदी वाटला तरी त्याचे परिणाम गंभीर होते. एका खोट्या चिठ्ठीने पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभ्यासकांस भलत्या ठिकाणी व भलत्या काळात शोधावयास लावले.

खोटी नोंद बाजूस सारल्यावर खऱ्या नोंदी उरल्या, आणि त्या जुन्या असल्या तरी स्वच्छ होत्या. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे तिघे भारतात आले. आधी त्यांनी पूर्वेकडील जुन्या जागा पाहिल्या; तेथे पक्षी मिळाला नाही. मग ते खानदेशात उतरले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, एका उघड्या झाडावर बसलेला एक पिंगळा बेन किंग यांच्या दृष्टीस पडला. माथा कोरा, छाती गडद, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले. एकशे तेरा वर्षांनी रानपिंगळा पुन्हा माणसांसमोर आला होता. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. म्हणजे हा पक्षी जगास पुन्हा सापडला तेव्हा त्याचा आजचा जिल्हाही अजून जन्मास आलेला नव्हता!

येथे एक गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही. शहाद्याच्या डोंगरातल्या भिल्ल व पावरा बांधवांच्या दृष्टीने हा पक्षी कधी हरवलाच नव्हता. तो सकाळी उघड्यावर बसतो, शेपटी हलवतो, सरडे धरतो, हे त्यांच्या नजरेत रोजचेच. हरवला होता तो पुस्तकांतून. आमच्या गोवाऱ्याला चिंचेवरची जोडी ठाऊक होती आणि मला नव्हती, त्यातलाच हा प्रकार.

पुनर्भेटीनंतर खरा अभ्यास सुरू झाला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी तोरणमाळ व आसपासच्या रानात पक्ष्याच्या दिनचर्येचा मागोवा घेतला. पुढे गिरीश जठार यांनी मेळघाट, यावल व तोरणमाळ येथे काम केले, तर पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कॉन्झर्व्हेशन सोसायटीच्या प्राची मेहता व सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशात खंडवा व बुऱ्हाणपूर जिल्ह्यांतील रान पिंजून काढले. २०१४ मध्ये तर ठाणे जिल्ह्याच्या तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईच्या अंगणातच म्हणावयाचे, रानपिंगळा आढळला, आणि सह्याद्रीतही त्याची वस्ती असल्याचे कळले. पुढे गुजरातेत डांगच्या जंगलातूनही नोंदी आल्या.

त्याच्या सवयींविषयी जे कळले ते मोठे मनोवेधक आहे. घुबड असूनही रानपिंगळा मुख्यतः दिवसा वावरतो. हिवाळ्यातील सकाळी तो सागाच्या किंवा मोईच्या शेंड्याकडील वाळक्या फांदीवर येऊन बसतो. तासन्‌तास बसतो. मधूनच शेपटी झटक्याने इकडून तिकडे हलवितो. अभ्यासक तिच्यावरूनही त्यास ओळखतात. नजर मात्र खाली, विरळ गवतात व पालापाचोळ्यात. हालचाल दिसली की सरळ झेप. बाज किंवा शिक्रा पाठलाग करून शिकार धरतात, तसा हा पाठलाग करीत नाही. दबा धरून बसणे आणि तुटून पडणे ही याची रीत. त्याच्या भक्ष्यात जवळजवळ साठ टक्के वाटा सरडे, सापसुरळ्या यांसारख्या प्राण्यांचा आणि पंधरा टक्क्यांच्या आसपास उंदीर-घुशींचा असल्याचे इश्तियाक-रहमानी यांस आढळले. पक्षी अगदी थोडे, बाकी किडे व बेडूक. थोराड पंजे व दणकट चोच कशासाठी याचे उत्तर या यादीत आहे. आपल्या अंगाच्या मानाने मोठे जनावर तो धरू शकतो.

यावरून त्यास कोणते रान लागते हेही कळते. अगदी घनदाट, अंधारे जंगल त्याच्या उपयोगाचे नाही. तेथे खाली काही दिसत नाही. आणि झाडे पार तोडून टाकलेले माळरानही उपयोगाचे नाही. तेथे बसावयास शेंडा नाही, अंडी घालावयास ढोली नाही. त्यास हवे असते ते उतारावरचे, मोकळ्या जमिनीचे, जुन्या झाडांचे पानझडी सागवन. असे रान दिसावयास साधे असते. वाघ-बिबट्यांच्या गोष्टी ऐकून येणारा पर्यटक त्याकडे पाहातही नाही, आणि लाकूडतोड्याला ते अर्धे तोडलेलेच वाटते.

ऑक्टोबरपासून मेपर्यंत त्याचा विणीचा हंगाम असतो. जानेवारी-फेब्रुवारीत जोडीची साद-प्रतिसाद सर्वांत जास्त ऐकू येते. ठिपकेदार पिंगळ्याचा किर्र-किर्र भांडखोर कलकलाट सर्वांच्या ओळखीचा आहे. रानपिंगळ्याचा आवाज निराळा, घशातून उमटणारा, चढत जाऊन खाली येणारा, हुंकारासारखा. घरटे जुन्या झाडाच्या ढोलीत. मादी बहुधा दोन अंडी घालते व उबविते. त्या काळात नर शिकार करून तिला आणून देतो आणि ती ते भक्ष्य पिलांना भरविते. पिले तीस-बत्तीस दिवसांची झाली की ढोलीबाहेर पडतात. संसाराचे हे चित्र गोड वाटते, पण अभ्यासकांनी नर आपलेच पिलू खाताना पाहिल्याचीही नोंद केली आहे. निसर्गाच्या घरात आपल्या घरातले नियम लागू करून भागत नाही.

ढोल्यांचा प्रश्न नाजूक आहे. पिंगळा स्वतः ढोली कोरीत नाही. सुतार पक्ष्याने सोडलेली किंवा फांदी कुजून पडलेली पोकळी त्यास लागते. अशी पोकळी जुन्या, किडलेल्या, माणसाच्या दृष्टीने 'वाया गेलेल्या' झाडातच होते, आणि तिच्यासाठी पोपट, साळुंक्या, इतर घुबडे असे किती तरी उमेदवार असतात. वाळके झाड सरपणासाठी प्रथम तुटते. आमच्याकडे घाटाच्या पायथ्याशी अशी झाडे माझ्या डोळ्यांदेखत कमी झाली. ती तोडणाऱ्या बायाबापड्यांना मी बोल लावू शकत नाही. चूल पेटवावयाची तर काडी कोठून तरी आलीच पाहिजे. आता गॅस घरोघर आला आहे, तरी सिलिंडर भरण्याइतके पैसे हाती नसले की पाय पुन्हा रानाकडेच वळतात.

आता थोडे माणसांविषयी, कारण या पक्ष्याचे बरेवाईट आपल्याच समजुतींवर अवलंबून आहे. मराठी माणसाला पिंगळा हा शब्द उच्चारताच पक्ष्याआधी एक मनुष्य आठवतो, निदान आमच्या पिढीला आठवत असे. पहाटे अंधार असतानाच हाती कंदील व कुडमुडे घेऊन तो दारात येई आणि घरादाराचे भविष्य सांगे. त्याला पाखरांची, विशेषतः पिंगळ्याची भाषा कळते, असा लोकांचा विश्वास. संत एकनाथांनी आपल्या भारुडांत जी नाना लोकसोंगे आणली, त्यांत हा पिंगळाही आहे. म्हणजे एके काळी या पाखराचे बोलणे ऐकण्याजोगे, अर्थ लावण्याजोगे मानले जात होते. पुढे अर्थ एकच उरला : अशुभ.

माझ्या आजीचे मत याहून गुंतागुंतीचे होते. घरावर घुबड बसले तर ती कासावीस होई, पण आम्ही पोरे दगड उचलू लागलो की जोराने ओरडे. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून नेते, नदीच्या पाण्यात टाकते, आणि दगड जसा जसा झिजतो तसा तसा मारणारा झिजत जातो, असे ती सांगे. मी एकदा मारलाच. आठ-नऊ वर्षांचा असेन. मागील दारच्या चिंचेवरचा पिंगळा फडफडून खाली पडला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ढोलीतून उपाशी पिलांचा आवाज दोन दिवस येत राहिला. तिसऱ्या दिवशी थांबला. पुढचे कित्येक महिने मी अंघोळीच्या वेळी आपले दंड चाचपून पाहात असे, झिजलो की काय म्हणून. आजही ती अंधश्रद्धा मला हास्यास्पद वाटत नाही. तिने किती पिंगळे वाचविले असतील!

सर्वच समजुती अशा दयाळू नाहीत. रानपिंगळ्याच्या प्रदेशात अंडी व शरीराचे भाग काही विधींसाठी, तसेच ढोल बनविण्याच्या कामी वापरले जातात, असे नोंदले गेले आहे. देशभर दिवाळीच्या सुमारास तंत्रमंत्रासाठी घुबडे पकडण्याचा व्यापार चालतो; ट्रॅफिक या संस्थेने २०१० मध्ये त्यावर अहवालच प्रसिद्ध केला, आणि विकल्या जाणाऱ्या घुबडांत गावातला ठिपकेदार पिंगळा पुष्कळ असल्याचे दाखवून दिले. लक्ष्मी प्रसन्न व्हावी म्हणून तिचेच वाहन मारावयाचे, ही कोणती भक्ती! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने घुबडे पकडणे, बाळगणे व विकणे हा गुन्हा ठरविला आहे. हे ठाऊक असणारे लोक आमच्या बाजारात मात्र थोडे. त्या मानाने महाराष्ट्रात एक चांगली गोष्ट घडली. पुरंदर तालुक्यातील पिंगोरी या गावी इला फाउंडेशनने २०१८ मध्ये घुबडांचा उत्सवच भरविला. शाळकरी मुलांनी घुबडांची चित्रे काढली, मुखवटे केले. भीतीची जागा कुतूहलाने घेतली की निम्मे काम होते.

मारणाऱ्या हातांपेक्षा मोठा धोका मात्र जमिनीचा आहे. खानदेशात यावलच्या जंगलावर अतिक्रमणाची कुऱ्हाड सतत चालू राहिली. शेतीच्या कडेला उंदरांसाठी टाकलेले विषारी आमिष व पिकांवरील कीटकनाशके सरड्या-उंदरांमार्फत पिंगळ्याच्या पोटात जातात. उन्हाळ्यातले वणवे पालापाचोळ्यासह सरडे व सापसुरळ्याही जाळतात. शिवाय तापीवरील जलप्रकल्पाची जुनी योजना पुन्हा पुढे आली असून, तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पासाठी मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला. बुऱ्हाणपूर व मेळघाट यांच्या सीमेवरचे रान हे रानपिंगळ्याच्या आजच्या मुख्य घरांपैकी एक. पाण्याची तहान खोटी नाही. खानदेश-विदर्भाच्या शेतकऱ्याला कोण नाही म्हणेल? पण पाणी अडविताना कोणते उतार बुडतात व कोणते उरतात, हे मोजणारांनी रानपिंगळ्याचीही मोजणी करावी एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

आज सज्ञान रानपिंगळ्यांची संख्या अडीचशे ते हजाराच्या आत असावी असा जाणकारांचा अंदाज आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये त्यास 'अतिसंकटग्रस्त' या वर्गातून काढून 'संकटग्रस्त' या एक पायरी खालच्या वर्गात ठेवले. त्याचे कारण नव्या जागी नव्या नोंदी मिळाल्या, हे आहे; रान वाढले, हे नव्हे. त्याच वर्षी पंकज कोपर्डे व सहकाऱ्यांनी जनुकीय परीक्षेने आणखी एक जुना वाद मिटविला. ह्यूम यांनी या पक्ष्याचे कुळ वेगळे मानले होते. तो आपल्या गावातल्या पिंगळ्याचाच सख्खा भाऊबंद असल्याचे सिद्ध झाले.

आता आपल्या भागाकडे परत येतो. पांढुर्ण्याच्या शेजारी मुलताई आहे, आणि मुलताईत तापी उगम पावते. तेथून ती पश्चिमेस निघते, मेळघाटाला वळसा घालते, बुऱ्हाणपुरास जाते, यावलच्या पायथ्याने वाहते, शहाद्याच्या गोमाईला पोटात घेते. रानपिंगळ्याची आज ठाऊक असलेली बहुतेक घरे या एका नदीच्या खोऱ्यात, तिच्या दोन्ही तीरांच्या डोंगरांत ओवलेली आहेत. पूर्वेकडे मात्र १८७२ चे फुलझर आहे. मधल्या लांबच लांब सातपुडा पट्ट्यात आमचे पांढुर्णा-सौंसरचे सागवन येते. वरुड-मोर्शीच्या संत्र्यांपलीकडे पश्चिमेस मेळघाट, पूर्वेस पेंचचे रान. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा नव्या कचेऱ्या, नवे रस्ते, नवे फलक यांची चर्चा झाली. जंगलाची चर्चा झाल्याचे माझ्या तरी कानी आले नाही.

म्हणून हिवाळा आला की मी घाटाकडे जातो. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद होण्यापूर्वी तिच्या खिडकीतून पाहात जाणे सोपे होते. ती इतकी हळू चढे की झाडावरचे पाखरू मोजता यावे. आता पायीच फिरावे लागते. गेल्या पौषात बरोबर माझा दहा वर्षांचा नातू होता. त्याला मी तीन पिंगळ्यांची चित्रे दाखवून ठेवली होती : ठिपक्यांचा, रेघांचा आणि कोऱ्या माथ्याचा. त्या गोवाऱ्याच्या वाडीतल्या चिंचेची जुनी ढोली अजून शाबूत आहे. संध्याकाळी तिच्यातून आधी एक डोके बाहेर आले, मग दुसरे.

"आजोबा, ठिपके आहेत," नातू हळूच म्हणाला, आणि त्याने वहीत तारीख टाकून तसे लिहून ठेवले.